आरंभक, मोटारगाडीचा
अंतर्ज्वलन एंजिन स्वतःहून सुरू होत नाही. ते प्रथम बाहेरून फिरवावे लागते. प्रारंभी हे काम हँडलने करीत. एंजिनाने उलट झटका दिल्यास मनगट मोडण्याचा धोका असे. अमेरिकन अभियंते चार्ल्स एफ्. केटरिंग यांनी तयार केलेला विद्युत् आरंभक कॅडिलॅक कंपनीने १९१२ च्या गाड्यांत बसविला. भारतात पूर्वीच्या अँबॅसडर गाड्यांना आरंभकाबरोबर हँडलचीही सोय होती.

आरंभक म्हणजे घटमालेवर चालणारे विद्युत् चलित्र होय. त्याचा प्रवाह जोडण्याचे काम पुढे चालकाच्या हातापायांकडून सोलेनॉइडकडे गेले. किल्ली फिरविताच होणारा ‘टक्’ आवाज सोलेनॉइडचा असतो. त्याला थोडा प्रवाह पुरतो. चलित्राला मात्र शेकडो अँपिअर लागू शकतात. म्हणून आवाज झाला, तरी घटमाला सुस्थितीत आहे असे ठरत नाही. दिवे मंदावून लागोपाठ टकटक झाल्यास बहुधा घटमाला क्षीण किंवा तिची जोडणी सैल असते. दिवे प्रखर राहून एकदाच टक् झाल्यास सोलेनॉइडचे स्पर्शक वा चलित्र यांत दोष संभवतो.

नागपूर जिल्ह्यात सावनेरकडील भागात उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या आसपास जाते. उष्णतेने घटमालेतील पाणी उडते व पट्टिका लवकर झिजतात. त्यामुळे येथे प्रथम घटमालेचा दाब (पूर्ण भारित असता सु. १२·६ व्होल्ट) व तिची अग्रे तपासणे इष्ट. हँडल नाहीसे झाल्याने ही परीक्षा अधिकच महत्त्वाची ठरली. ती टाळल्यास सुस्थितीतील आरंभक विनाकारण बदलला जातो.