‘नोंद सापडत नाही’ म्हणजे नोंद नाहीच का? दरेकसाच्या उदाहरणातून समजून घ्या एसक्यूएलच्या ४ युक्त्या

सालेकसा तालुक्यातलं दरेकसा हाजरा फॉलमुळे अनेकांना माहीत आहे. समजा, एका योजनेच्या डेटाबेसमध्ये या गावाचे लाभार्थी शोधायचे आहेत आणि स्क्रीनवर उत्तर आलं, ‘० नोंदी’. लगेच हार मानू नका. कदाचित प्रश्नच चुकलेला असेल.

रिलेशनल डेटाबेस म्हणजे काय?
माहिती तक्त्यांमध्ये, ओळी आणि रकान्यांत ठेवायची पद्धत. आयबीएमचे संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये ही कल्पना मांडली. या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल.

१. स्पेलिंगचा घोळ: लाइक
गाव = 'दरेकसा' असं विचारलं, तर कुणी ‘दर्रेकसा’ टाइप केलेली ओळ येणार नाही. त्याऐवजी गाव लाइक 'द%कसा' लिहा. % म्हणजे मधे काहीही चालेल. पण नुसतं '%कसा' लिहिलंत, तर ‘सालेकसा’सुद्धा येईल!

२. जिल्हा बदलला: इन
गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या नोंदीत जिल्हा ‘भंडारा’ असू शकतो. म्हणून जिल्हा इन ('गोंदिया', 'भंडारा') असं विचारा.

३. रिकामा रकाना: इज नल
पैसे जमा झाल्याची तारीखच भरलेली नाही, अशा ओळी हव्यात? तारीख = नल लिहिलं तर एकही ओळ मिळत नाही, कारण ‘नल’ म्हणजे माहीत नसलेली किंमत. ती कशाच्याही बरोबर ठरत नाही. तारीख इज नल असंच लिहावं लागतं.

४. राहून गेलेले कोण: लेफ्ट जॉईन
एका तक्त्यात मंजूर लाभार्थी, दुसऱ्यात जमा रकमा. साधा जॉईन फक्त दोन्हीकडे असलेली नावं दाखवतो. म्हणजे ज्यांना पैसे मिळालेच नाहीत, तेच यादीतून गायब! लेफ्ट जॉईन मंजूर यादीतली सगळी नावं ठेवतो. त्यात जमा रकमेचा रकाना इज नल असलेल्या ओळी निवडल्या, की राहिलेली माणसं समोर येतात. हे तक्ते नावावरून न जोडता लाभार्थी क्रमांकावरून जोडा. एकाच नावाची दोन माणसं असू शकतात.

लक्षात काय ठेवायचं?
‘० नोंदी’ याचा अर्थ एवढाच, की विचारलेल्या प्रश्नात बसणारी ओळ नाही. कार्यालयात कुणी ‘तुमचं नाव नाही’ म्हणालं, तर एवढं नक्की विचारा: कोणत्या स्पेलिंगने शोधलं आणि कोणत्या जिल्ह्यात?