छायाचित्रण, सामाजिक

समाजातील निरनिराळ्या समूहांचे जीवन, श्रम, निवास, चालीरीती आणि त्यांच्यापुढील प्रश्न यांची छायाचित्रांद्वारे केलेली पद्धतशीर नोंद म्हणजे सामाजिक छायाचित्रण होय. वृत्तछायाचित्र एका घटनेपुरते मर्यादित असते. सामाजिक छायाचित्रणात दीर्घकाळचे निरीक्षण, चित्रांची मालिका आणि तिला जोडलेला मजकूर यांना महत्त्व असते. अशी मालिका नियतकालिकातून वाचकापर्यंत पोहोचते, तेव्हा छायाचित्रकाराइतकाच छायाचित्र-संपादकही तिचा कर्ता ठरतो. म्हणून या विषयाचा इतिहास हा कॅमेऱ्याचा तसाच निवडीचाही इतिहास आहे.

आरंभ : मुंबई येथे १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तिच्या कार्यात सहभागी होते. याच वर्तुळातील विल्यम जॉन्सन याने मुंबईतील रहिवासी व प्रवासी अशा विविध जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रे जोडचित्रे आहेत : व्यक्तींचे चित्र एका ठिकाणी घेऊन ते मुंबईतील एखाद्या दृश्याच्या पार्श्वभूमीवर छापलेले आहे. चित्रातील माणसे खरी, स्थळही खरे. परंतु ती माणसे त्या स्थळी उभी नव्हती. छायाचित्र हा निर्विवाद पुरावा होय, हा समज या आरंभीच्या उदाहरणानेच सदोष ठरतो.

वॉटसन व के यांनी संपादित केलेला ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८–७५ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात ४६८ छायाचित्रे असून राज्यकर्त्यांना प्रजेची ओळख व्हावी, हा त्याचा हेतू होता. साहजिकच त्यात व्यक्ती नमुना म्हणून येते. तिचे नाव बहुधा येत नाही. सर सय्यद अहमदखान यांनी १८६९ मध्ये लंडन येथे हा ग्रंथ पाहिला आणि त्यातील भारतीयांचे दर्शन त्यांना अपमानास्पद वाटले. ज्यांचे चित्रण झाले, त्यांच्या बाजूने घेतलेला हा एक प्रारंभीचा आक्षेप होय.

मुद्रण व नियतकालिके : मुंबई-ठाणे लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला व पुढील वर्षी तो कल्याणपर्यंत पोहोचला. ठाणे येथून १८६६ मध्ये ‘अरुणोदय’ हे मराठी वृत्तपत्र निघू लागले. जॉन्सनचा दुसरा खंड त्याच वर्षीचा असला, तरी वृत्तपत्र व छायाचित्र यांची भेट तेव्हा होणे शक्य नव्हते; कारण छायाचित्राची प्रत कागदावर वेगळी काढून ग्रंथात चिकटवावी लागे. ठाणे जिल्ह्यातील आगरी, कोळी, वारली, कातकरी इ. समाजांचे वर्णन १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये आले, ते शब्दरूपाने. चित्राचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर करणारे हाफटोन ठसे प्रचारात आल्यावर मजकूर व छायाचित्र एकाच पानावर छापता येऊ लागले. पुण्याच्या चित्रशाळा मुद्रणालयाचे ‘चित्रमय जगत्’ (१९१०) हे या स्थित्यंतराचे मराठीतील ठळक उदाहरण होय.

इंग्रजीत ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ या मुंबईच्या साप्ताहिकाने (१८८०–१९९३) छायाचित्रांना दीर्घकाळ स्थान दिले. होमाई व्यारावाला यांची आरंभीची छायाचित्रे त्यात प्रसिद्ध झाली. खुशवंतसिंग यांच्या संपादकत्वाच्या काळात (१९६९–७८) भारतातील निरनिराळ्या समाजांवरील सचित्र लेखमाला हे त्याचे वैशिष्ट्य ठरले. मात्र अशा लेखमालेत समाजाची वेधक ओळख आणि त्याचे ठोकळेबाज दर्शन यांतील अंतर पुष्कळदा संपादकाच्या निवडीवरच अवलंबून राहते.

सामाजिक प्रश्न : अमेरिकेत जेकब रीस याने न्यूयॉर्कमधील गलिच्छ वस्त्यांचे (१८९०) व लूइस हाइन याने बालकामगारांचे (१९०८ पासून) केलेले चित्रण सुधारणेच्या चळवळींना उपयुक्त ठरले. भारतात सुनील जाना (१९१८–२०१२) यांनी १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाची छायाचित्रे घेतली. ती मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ या साम्यवादी पक्षाच्या मुखपत्रात प्रसिद्ध झाली; त्याची मराठी आवृत्ती ‘लोकयुद्ध’ या नावाने निघे. पुढे जाना यांनी आदिवासी जमातींचेही विस्तृत चित्रण केले.

जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले आणि त्यानंतर गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. वारली समाज पुढे शहरी वाचकाला मुख्यतः त्याच्या भित्तिचित्रांमुळे परिचित झाला. ज्या समूहाचे चित्रण कलेच्या अंगाने होते, त्याचे श्रम व त्याच्या जमिनीचा प्रश्न चौकटीबाहेर राहण्याचा संभव असतो, हे यावरून लक्षात येते. फाळणीनंतर कल्याण छावणीत आलेले सिंधी निर्वासित व त्यांतून १९४९ मध्ये आकारास आलेले उल्हासनगर, वागळे औद्योगिक वसाहत, डोंबिवलीचा रोज मुंबईस ये-जा करणारा चाकरमानी वर्ग, खाडीकाठचे कोळीवाडे व आगरी गावे यांमुळे हा परिसर सामाजिक छायाचित्रणाचे विस्तृत क्षेत्र ठरला आहे.

अलीकडील काळात सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल चित्रण केले. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री देण्यात आली. पी. साईनाथ यांनी १९९३–२००२ या काळात दहा राज्यांत ग्रामीण स्त्रियांच्या श्रमांची छायाचित्रे घेतली व २०१४ मध्ये ग्रामीण भारताचा एक लोकसंग्रह मुंबईतून सुरू केला. या कामांत दयेपेक्षा श्रमाच्या नोंदीवर भर आहे.

संपादन : छायाचित्र-संपादक अनेक चित्रांतून काही निवडतो, कडा कापून चौकट ठरवितो, क्रम व आकार निश्चित करतो आणि चित्राखालील ओळी तपासतो. कडा कापताना शेजारची व्यक्ती वगळली गेली, तर चित्राचा अर्थही बदलू शकतो. एकच चित्र ‘अतिक्रमण’ किंवा ‘निवारा’ या शब्दांखाली दोन परस्परविरुद्ध विधाने करते. या अधिकाराच्या अतिरेकाचीही उदाहरणे आहेत. १९३५ नंतर अमेरिकन शासनाच्या ग्रामीण छायाचित्रण प्रकल्पाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हांना भोके पाडी. तर यूजीन स्मिथ याने श्वाइट्झर यांच्यावरील चित्रलेखाच्या मांडणीवरून मतभेद झाल्यामुळे १९५४ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिक सोडले.

नैतिक प्रश्न : चित्रित व्यक्तीची संमती, तिचे नाव व तिची प्रतिष्ठा हे या छायाचित्रणातील मूलभूत प्रश्न होत. भारतात बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार विधिसंघर्षग्रस्त किंवा संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. प्रौढांच्या बाबतीत मात्र पुष्कळसे छायाचित्रकाराच्या व संपादकाच्या विवेकावर सोपविलेले असते. अंकीय तंत्रामुळे जोडचित्र तयार करणे जॉन्सनच्या काळापेक्षा कितीतरी सुलभ झाले आहे. त्यामुळे चित्र कोणी, कोठे, केव्हा व कोणाच्या संमतीने घेतले, ही नोंद चित्राइतकीच जपणे आवश्यक ठरते. तिच्या अभावी माणूस पुन्हा केवळ नमुना म्हणून उरतो.