घंटेचं माहेर

सिसिलीला जाऊन आलेला माणूस ओळखायला वेळ लागत नाही. आपल्याकडची कुठलीही जुनी वस्तू दाखवली, की तो आधी तिच्याकडे दयेनं पाहतो आणि मग साल विचारतो. आमच्या कॉलनीतले वकीलसाहेब मुलानं काढून दिलेल्या तिकिटावर बारा दिवस त्या बेटावर राहून आले. तेव्हापासून आम्ही संध्याकाळी गंगेवर फिरायला गेलो, की त्यांची मान सारखी नकारार्थी हलत असते. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि ‘गंगेवर’ म्हणजे गंगेच्या काठावर. प्रत्यक्ष पाण्यावर जायला आमची ना नाही, पण पंचा विसरलेला असतो.)

वकीलसाहेबांच्या मोबाइलमध्ये बेटाचे चारशे फोटो आहेत. त्यातल्या तीनशेंत वहिनी आहेत आणि उरलेल्या शंभरांत इतिहास. त्यातला एक मात्र खरोखर पाहण्यासारखा आहे. सिराक्यूज गावच्या मोठ्या चर्चची भिंत, आणि त्या भिंतीत अर्धे बुजलेले जाडजूड दगडी खांब.

“हे खांब ग्रीकांचे,” वकीलसाहेब म्हणाले. “इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं अथीनादेवीचं देऊळ. पुढं त्याचं चर्च झालं. अरब आले, मशीद झाली. नॉर्मन आले, पुन्हा चर्च. पण खांब तेच! आपल्याकडं आहे असं काही?”

हा प्रश्न त्यांनी रामकुंडापाशी, नारोशंकराच्या देवळाकडे पाठ करून विचारला. मी त्यांना खांद्याला धरून वळवलं आणि वर बघायला सांगितलं.

देऊळ रामेश्वराचं. पण बांधणाऱ्या नारोशंकर राजेबहाद्दराचं नाव त्याला असं चिकटलंय, की रामेश्वर म्हटलं तर टांगेवाल्याच्या नातवाला, म्हणजे हल्लीच्या रिक्षावाल्याला, पत्ता कळणार नाही. नारोशंकर म्हणजे झाशीचा सुभेदार, मालेगावचा भुईकोट बांधणारा. देऊळ १७४७ सालचं. त्याच्या दर्शनी भागावर, वरच्या कमानीत, एक भली दांडगी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर ओतल्याचं साल आहे १७२१. आता १७४७ च्या देवळाला १७२१ ची घंटा कशी, तर ती या देवळासाठी ओतलेलीच नाही. ती पोर्तुगीज. वसईच्या चर्चमधली. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्या विजयाची खूण म्हणून घाट चढून नाशकात आली आणि महादेवाच्या दारात राहिली.

आता नाशिककराचं या घंटेशी नातं इतिहासाचं कमी आणि पुराचं जास्त. पावसाळ्यात गंगेला पाणी किती, हे आम्ही फुटांत मोजत नाही. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, गळ्याला असं मोजतो. मारुती बुडाला, की मोजणी घंटेकडे सरकते. १९६९ चा पूर पाहिलेली मंडळी घरात असली, की २००८ च्या पुराबद्दल आपण तोंड उघडू नये, ते म्हणतात, “हा कसला पूर!” शाळेत फार बडबड करणाऱ्या मुलाला आमचे मास्तर ‘नारोशंकराची घंटा’ म्हणायचे. ती पदवी मी तीन वर्षं सांभाळली होती, त्यामुळे या घंटेबद्दल मला पहिल्यापासून घरोबा वाटत आला आहे.

घंटा स्त्रीलिंगी. वसईहून नाशकाला आली. आम्ही काय म्हणणार? वसई तिचं माहेर. वकीलसाहेबांच्या सिसिलीला उत्तर म्हणून मी तिचं माहेर पाहून यायचं ठरवलं. हीही निघाली. वसईला ताजी मासळी मिळते एवढाच इतिहास तिला पुरेसा होता.

जाण्याआधी थोडं वाचून काढलं. एक तर वसई हे खरोखर बेटच होतं. सोपाऱ्याची खाडी तिला मुख्य जमिनीपासून तोडत असे. गाळानं खाडी भरत गेली आणि बेटाचं बेटपण कागदावर उरलं. दुसरं म्हणजे त्या किनाऱ्याशी नाशिकची सोयरीक पेशव्यांच्या कितीतरी आधीची. आमच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्याच्या भिंतीवर एक लांबलचक लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात त्यात सांगतो, की मी भडोचला, दशपूरला, गोवर्धनला आणि शूर्पारकाला चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी खणल्या, डहाणूसकट सहा नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. गोवर्धन म्हणजे नाशिकशेजारचं, आणि शूर्पारक म्हणजे सोपारा, ज्याला आज लोकलमधली गर्दी नालासोपारा म्हणते. जावयानं पदरच्या खर्चानं काही बांधल्याची नोंद भारताच्या इतिहासात फारशी नाही. ही आमच्याकडे आहे, आणि तीही दगडावर.

सतराव्या लेण्यात तर याहून गंमत. ते खोदवणाऱ्याचं नाव इंद्राग्निदत्त, बापाचं नाव धर्मदेव, राहणार उत्तरेकडच्या दत्तामित्रीचे, आणि स्वतःला म्हणवतात योनक. म्हणजे यवन, ग्रीक! लेणं बौद्धांचं, नाव वैदिक, रक्त भूमध्य समुद्राकडचं. सिराक्यूजच्या भिंतीत ग्रीक आहेत तसे आमच्याही डोंगरात आहेत, फक्त आम्ही त्या डोंगरावर पाहुण्यांना वारा खायला नेतो. त्या काळच्या एका ग्रीक नोंदवहीत भडोचला इटलीची द्राक्षाची दारू उतरत असल्याचं लिहिलं आहे. दोन हजार वर्षांनी नाशिक स्वतःच ती गाळू लागलं. व्यापारात एवढा धीर धरावा लागतो.

पंचवटी एक्स्प्रेसनं कल्याण, तिथून दिवा, आणि दिव्याहून वसईची गाडी. या शेवटच्या गाडीत बसायला जागा मिळाली हे घरी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नाही. स्टेशनाबाहेर आधी उंच इमारतींचं जंगल लागतं, आणि आपण फसलो असं वाटतं. मग बस पश्चिमेला वळते आणि एकाएकी केळीच्या बागा, पानवेली, जांभाची झाडं, प्रत्येक वळणावर एक पांढरा क्रूस आणि त्याच्या पायाशी ताजी झेंडूची माळ. हिनं खिडकीतून पाहून विचारलं, “क्रूसाला झेंडू चालतो?” पुढच्या बाकावरची लाल चौकड्याचं लुगडं नेसलेली म्हातारी वळून म्हणाली, “आमच्याच वाडीतला आहे. न चालायला काय झालं?”

किल्ला प्रचंड आहे. तटाचा फेरा साडेचार किलोमीटर. बहादूरशहा गुजरातीनं २३ डिसेंबर १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे पाच वर्षं इथं त्यांचं उत्तरेचं राजधानीचं शहर होतं. शहर शब्द मी विचारपूर्वक वापरतो, कारण तटाच्या आत रस्ते आहेत, मठ आहेत, सात-आठ चर्चं आहेत, सगळी बिनछपराची. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये पायाखाली थडग्यांच्या शिळा आहेत, कुणा कुणा सरदारांची नावं आणि ढालींची चिन्हं कोरलेली. त्यांवर उभं राहून एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढत होतं. फोटोवाला नवऱ्या मुलाला सांगत होता, “दादा, जरा रोमँटिक बघा.” खाली झोपलेल्या सरदारानं दोनशे वर्षांत काय काय पाहिलं असेल, पण हे नक्कीच नसेल.

याच वसईत साधारण १५५७ च्या सुमाराला गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथली. तो जपानला गेला, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रूसावर मारला गेला, आणि १८६२ साली रोमनं त्याला संत ठरवलं. भारतात जन्मलेला पहिला संत वसईकर! त्याचा सण अजून किल्ल्यातल्या जेझुइट चर्चमध्ये साजरा होतो.

सेंट जोसेफच्या मनोऱ्यात अंधारा गोल जिना आहे. मी वर गेलो, ही खालीच थांबली (“तुमचं माहेर, तुम्हीच चढा”). वरून सगळा किनारा दिसतो. खाडी, तिच्यात कोळ्यांच्या रंगवलेल्या होड्या, ताडामाडांच्या रांगा. वकीलसाहेबांचे दोनशे फोटो असेच आहेत, फक्त त्यांत ताडाऐवजी ऑलिव्ह आहे. घंटा मात्र मनोऱ्यात नव्हती. ती कुठं गेली असणार ते मला चांगलंच ठाऊक होतं.

खाली किल्ल्याच्या बाहेर चहा प्यायला थांबलो, तिथं एका निवृत्त मास्तरांची ओळख झाली. सामवेदी ख्रिस्ती, ज्यांना तिकडं कुपारी म्हणतात. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. कुठून आलात विचारलं. नाशिक म्हटल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

“मग आमची घंटा कशी आहे?”

आमची. मी तिची खुशाली सांगितली. पुराची गोष्ट, शाळेतली पदवी, सगळं. आणि भरीला म्हणालो, “म्हटलं, एकदा तिचं माहेर पाहून यावं.”

मास्तर हसले. म्हणाले, “माहेर म्हणता हे छान आहे. पण पाठवणी कुणी केली होती हो?”

या प्रश्नाला नाशकात उत्तर नाही. कारण नाशकात तो कुणी विचारतच नाही.

म्हणून मी माझ्याकडची बाजू मांडली. पोर्तुगीजांनी देवळं पाडली होती. साष्टीतल्या मंडपेश्वराच्या लेण्यात, प्रत्यक्ष शंकराच्या लेण्यात, चर्च थाटलं होतं. धर्मन्यायालयाचा जाच होता. वसईची मोहीम दोन वर्षं चालली, शेवटच्या वेढ्यात सुरुंग लावून बुरूज उडवताना आपली हजारो माणसं पडली. आणि मे १७३९ मध्ये किल्ला हाती आल्यावर चिमाजी आप्पांनी कत्तल केली नाही. पोर्तुगीजांना आठवडाभराची मुदत देऊन हत्यारांसकट, मानानं जाऊ दिलं. मागं राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला तिचा धर्म पाळू दिला.

“सगळं खरं,” मास्तर म्हणाले. “मी वर्गात हेच शिकवलं. पण एक बघा. पाडलेल्या देवळात जाणारे कोण? आमचेच पूर्वज. चर्चमध्ये गेले ते कोण? तेच. मग फिरंगी गलबतात बसून गेले, घंटा हत्तीवर बसून गेल्या. आम्ही इथंच होतो.”

यावर हिनं पहिल्यांदाच तोंड घातलं. “मग भाषा कशी राहिली तुमची?”

“फिरंग्यांबरोबर जाऊन करायचं काय? त्यांची भाषा त्यांना, आमची आम्हाला.”

तेही अगदी तंतोतंत नाही. खाली रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात सुमारे हजारभर माणसं अजून पोर्तुगीजातून जन्मलेली एक बोली घरात बोलतात; चौल १७४० साली मराठ्यांकडे आलं, शिपाई गेले, आणि बोली राहून गेली. आणि फिरंग्यांचं तुम्हाआम्हाला काहीच लागलं नाही म्हणावं, तर सकाळी चावीनं दार उघडून आपण पाव आणतो, दुपारी बटाट्याची भाजी खातो आणि महिनाभर पगाराची वाट पाहतो. चावी, पाव, बटाटा, पगार, चारही शब्द त्यांचे. वसूल करायचं ठरवलं तर पोर्तुगालला मराठी घराघरात झडती घ्यावी लागेल.

पण वसईकरांनी मराठी धरून ठेवली ती कशी, याला पुरावा म्हणून मास्तरांनी एकच नाव घेतलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. इथल्याच नंदाखालचे. त्यांनी मराठीत ‘सुबोध बायबल’ लिहिलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वसईच्या हिरव्या बागा वाचवायला रस्त्यावर उतरले. आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैत ते गेले. “त्यांच्यानंतरचं संमेलन कुठं झालं?” मास्तरांनी मला वर्गात विचारतात तसं विचारलं. मला आठवत होतं. नाशकात, २०२१ साली. “म्हणजे बघा,” ते म्हणाले, “एकदा घंटा गेली आणि एकदा संमेलन. वसईची वस्तू शेवटी नाशकालाच का जाते, हे काही मला कळलेलं नाही.”

त्यांनी आग्रहानं घरी नेलं. मास्तरीणबाईंनी सुकेळी दिली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि पानात बांधून ठेवतात, ती. सिसिलीत वाळवलेले टोमॅटो मिळतात, वकीलसाहेबांनी बाटलीभर आणले होते. पण वाळवण्याच्या कलेत मी डोळे मिटून वसईला मत देईन. हिनं कृती विचारून घेतली आणि नाशकाच्या उन्हात करून पाहते म्हणाली. “तिकडं नाही जमायचं,” मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या. “त्याला इथलीच हवा लागते.”

निघताना मास्तर फाटकापर्यंत आले. त्यांनी माझा फोन नंबर घेतला, स्वतःचा दिला आणि म्हणाले, “पावसाळ्यात गंगेला पूर आला, की पाणी कुठवर चढलं ते कळवत जा. आमची एक तिकडं आहे ना.”

मी नंबर उतरवून घेतला. जुलैत पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, तेव्हा त्यांना फोन केला. ते म्हणाले, “म्हणजे अजून वेळ आहे,” आणि सुकेळी कशी झाली ते विचारलं.