आधी राहायची सोय, मग कॉलेज

बारावीचे निकाल लागले की पाथरीतले पालक आमच्याकडे येतात. प्रश्न ठरलेला असतो. "सर, कुठलं कॉलेज चांगलं?" आम्ही उलट विचारतो, "पोरगं राहणार कुठं? जेवणार कुणाबरोबर?" त्यांना वाटतं, मास्तरांनी तत्त्वज्ञान शिकवलंय, म्हणून प्रश्नाला प्रश्न करतात. तसं नाही. आपल्या भागातल्या शिक्षणाचा इतिहासच असा आहे, की वर्ग आणि खोली वेगळी काढताच येत नाही. आज तेवढंच सांगायचं आहे.

निजामाच्या काळात मराठवाड्यातल्या मुलाला निवडीला वाव फार थोडा होता. इंटरपर्यंत औरंगाबाद, पुढे हैदराबाद. तिथलं उस्मानिया विद्यापीठ 1918 सालचं. शिक्षणाचं माध्यम उर्दू. नाहीतर मग संस्थान सोडून पुणे किंवा नागपूर गाठायचं. मानवत रोडला गाडीत बसताना मुलाच्या ट्रंकेत पुस्तकं कमी आणि ओळखीच्या चिठ्ठ्या जास्त असत. कारण फी भरली तरी रात्री पाठ टेकायला जागा ओळखीवरच मिळायची.

1938 मध्ये उस्मानियात काय झालं ते बघा. वसतिगृहात प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणायला मनाई झाली. मुलांनी संप केला, त्यांची नावं काढली गेली. ठिणगी पडली ती वसतिगृहातल्या सायंप्रार्थनेत. वर्गाचा तिथे संबंध नव्हता. नागपूर विद्यापीठाने अशा अनेक मुलांना सामावून घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक. सोबत्यांसाठी कॉलेज सोडायचं, आणि त्याच सोबत्यांबरोबर दुसरं कॉलेज गाठायचं, असं ते घडलं.

आता थोडं बाहेर जाऊ. अमेरिकेत विद्यार्थ्यांचे बंधुसंघ आणि भगिनीसंघ असतात, ग्रीक अक्षरांची नावं घेतलेले. आपल्याला त्यांचा नाचगाण्याचा भाग सिनेमातून माहीत असतो. पण त्यातला पहिला, फाय बीटा कप्पा, 1776 साली निघाला तो वादविवाद करण्यासाठी. आज तो विद्वत्तेचा मान म्हणून ओळखला जातो. 1906 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय मुलांनी अल्फा फाय अल्फा हा संघ काढला. इतरांच्या संघांत त्यांना जागा नव्हती, म्हणून ही मुलं आधी अभ्यासाला एकत्र बसू लागली आणि त्यातून संघ उभा राहिला. म्हणजे अभ्यास एकीकडे आणि सोबत दुसरीकडे, अशी वाटणी मुळात नव्हती.

हेच आपल्याकडे घडलं. 1901 साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढलं. पुढे जैन, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजाची मुलं, सगळ्यांसाठी वसतिगृहं झाली. ज्याला कुणी घरात घेत नव्हतं त्याला छप्पर मिळालं, ही लहान गोष्ट नव्हे. पण प्रत्येक जातीचं छप्पर निराळं होतं. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 1924 मध्ये पुढचं पाऊल टाकलं. सगळ्या जातींची मुलं एका घरात, एका पंगतीत. या दोन पावलांमध्ये जेवढं अंतर आहे, तेवढाच आमचा आजचा विषय आहे.

बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबियाला गेले. तिथे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर ते एका खोलीत राहिले. ती मैत्री जन्मभर टिकली. वर्गात जॉन ड्युई शिकवायला होते. लोकशाही म्हणजे नुसती राज्यपद्धती नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्युईंचा विचार. बाबासाहेबांना तो वर्गातही मिळाला आणि खोलीतही, असं आम्हाला वाटतं. पुढे 1950 मध्ये त्यांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं आणि त्याला नाव दिलं मिलिंद. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद प्रसिद्धच आहे. आसपासच्या परिसराला नागसेनवन म्हणू लागले. तिथे वसतिगृहं उभी राहिली, खेड्यातली पोरं आली. याच आवारातून 'अस्मितादर्श' निघालं आणि दलित साहित्याला हक्काची जागा झाली.

आता आमचं सांगतो. आम्ही पाथरीहून निघालो तेव्हा वडिलांनी एकच हिशेब केला, मेसचा. स्वस्त पडलं ते आमच्याच जातीचं एक बोर्डिंग. जेवण चांगलं, अभ्यासाला शांतता. आम्ही पहिल्या वर्गात पास झालो. पण चार वर्षांत दुसऱ्या जातीच्या मुलाच्या ताटाशेजारी आमचं ताट एकदाही लागलं नाही, आणि ते आमच्या लक्षातही आलं नाही. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि गावोगाव दलित वस्त्या जळू लागल्या. आम्ही तेव्हा नोकरीला नवीन लागलो होतो. आमच्यासोबत शिकलेले, शहाणेसुरते, मेरिटचे लोक त्या वेळी काय काय बोलले ते आम्ही ऐकलं. आम्हीही गप्प बसलो. ही कबुली आज इथे द्यावीशी वाटते. कॉलेज आमचं उत्तम होतं, पण आमची पंगत एकाच जातीची होती. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला.

म्हणून आम्ही पालकांना सांगतो, निकालाची टक्केवारी बघा, ग्रंथालय बघा, शिक्षकांच्या जागा भरल्यात का तेही विचारा. पण एक दिवस काढून वसतिगृहात जाऊन या. जेवायच्या वेळी जा. कोण कुणाशेजारी बसतं ते बघा. नव्या पोराला जुनी पोरं पुस्तक देतात, की रात्री छळतात, हे हळूच विचारा. 1999 पासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे, तरी विचारा. मुलीला पाठवत असाल तर वादविवाद मंडळात, नाटकात, संध्याकाळच्या व्याख्यानात मुली दिसतात का, की सहाला फाटक बंद होतं, हे बघा. फाटक बंद झालं की अर्धं कॉलेज तिच्यासाठी बंदच झालं म्हणायचं.

आणि आतल्या मंडळांना घाबरू नका. सोबतीशिवाय विद्या पचत नाही. फक्त एवढंच पाहा, की त्या मंडळाचं दार आडनाव विचारून उघडतं, की न विचारता.