आधी उपचार की आधी रोपण? हिपॅटायटिस सी आणि मूत्रपिंडरोपणाची कुळकथा

भारतातील पहिले मूत्रपिंडरोपण १९६५ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात मृत दात्याच्या मूत्रपिंडाने झाले, तेव्हा यकृताला सूज आणणारा सी विषाणू जगात कोणालाच ठाऊक नव्हता. रक्त चढवल्यानंतर काही रुग्णांना होणारी कावीळ ए आणि बी या परिचित विषाणूंमुळे होत नाही, एवढेच हार्वे आल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवले. तिच्या कारणाचा उलगडा व्हायला १९८९ उजाडले.

दरम्यानच्या काळात रोपणाच्या वाटेवरील जवळजवळ प्रत्येक टप्पा या विषाणूच्या पथ्यावर पडणारा होता. तांबड्या पेशींच्या निर्मितीला चालना देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मूत्रपिंडात तयार होत असल्याने मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला रक्तक्षय जडतो, आणि या संप्रेरकाचे इंजेक्शन येईपर्यंत वारंवार रक्त चढवणे हाच मुख्य इलाज होता. त्यातच, आधी रक्त घेतलेल्या रुग्णांमध्ये नवे मूत्रपिंड अधिक टिकते असे १९७३ मध्ये ओपेल्झ यांच्या अभ्यासात आढळल्यामुळे, रोपणापूर्वी मुद्दाम रक्त देण्याची पद्धतही अनेक ठिकाणी रूढ झाली. भारतात पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवरील बंदी १ जानेवारी १९९८ पासून अमलात आली, आणि रक्तपेढ्यांत सी विषाणूची चाचणी सक्तीची व्हायला त्यानंतरही काही काळ जावा लागला. डायलिसिसच्या कक्षात रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची एकच बाटली अनेकांसाठी वापरणे किंवा एका रुग्णाची सुई काढलेल्या हातमोज्यानेच शेजारच्या यंत्राची कळ दाबणे, एवढ्यानेही संसर्ग पसरू शकतो. संसर्गित रुग्णांसाठी वेगळे ‘पॉझिटिव्ह मशीन’ ठेवण्याची रीत आपल्याकडे पडली खरी, पण दोष यंत्रापेक्षा हातांचाच अधिक होता.

विषाणू सापडला तरी उपचाराची अडचण संपली नाही. त्यावर तेव्हा दिले जाणारे, १९५७ मध्ये शोध लागलेले इंटरफेरॉन हे औषध शरीराच्या प्रतिकारशक्तीला चेतवते, तर रोपण टिकवण्यासाठी तीच शक्ती आयुष्यभर दडपून ठेवावी लागते. त्यामुळे नवे मूत्रपिंड बसवल्यानंतर इंटरफेरॉन दिले की शरीराने ते मूत्रपिंड नाकारण्याचा धोका उभा राहत असे. जोडीला द्यायचे रिबाव्हिरिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने डायलिसिसवरील रुग्णाच्या शरीरात साचून तांबड्या पेशी फोडत असे. म्हणून जे काही करायचे ते रोपणाआधीच, असा दंडक पडला, आणि इंटरफेरॉन न सोसलेल्यांना विषाणू अंगात घेऊनच शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले.

विषाणूची वाढ थेट रोखणाऱ्या गोळ्या आल्यावर हा दंडक मोडला. सोफोसबुव्हिरला अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा तेथे एका गोळीची किंमत १००० डॉलर होती. सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियड कंपनीने भारतीय उत्पादकांना परवाने दिले, त्यांत मुंबईची सिप्लाही होती, आणि किंमत झपाट्याने उतरली. ही गोळी टॅक्रोलिमस या रोपणरक्षक औषधाशी फारशी भांडत नाही. तरीही एक खाचखळगा राहतोच : विषाणू हटला की यकृत सुधारते, टॅक्रोलिमसचा निचरा वेगाने करू लागते आणि त्याची रक्तातील पातळी घसरते, म्हणून उपचाराच्या काळात ती पुन:पुन्हा मोजावी लागते.

आता क्रम ठरतो तो प्रतीक्षेवरून. घरातलाच दाता तयार असेल तर रोपण आधी उरकून साधारण १२ आठवड्यांचा उपचार नंतर देता येतो. मृत दात्याच्या अवयवासाठी मुंबईच्या प्रतीक्षायादीवर दीर्घकाळ थांबायचे असेल, तर आधी विषाणू घालवणे श्रेयस्कर. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तर संसर्गित दात्यांची मूत्रपिंडे हा संसर्ग नसलेल्या रुग्णांना बसवून नंतर गोळ्या दिल्या गेल्या, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातील १० ही जण विषाणूमुक्त झाले.

उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणूचे आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, आढळले नाही, तर रुग्ण बरा झाला असे धरतात. प्रतिपिंडांची, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध घडवलेल्या प्रथिनांची, चाचणी मात्र पुढेही बहुधा ‘पॉझिटिव्ह’च येत राहते, आणि तेवढ्यावरून बऱ्या झालेल्या रुग्णाला वेगळ्या यंत्रावर बसवणे चूक आहे. पुन्हा संसर्ग होऊ शकत असल्याने त्याची आरएनए चाचणी ठरावीक अंतराने करत राहावी.