नेमावरचं माघस्नान

देवास जिल्ह्यात नेमावरला, नर्मदेच्या उत्तर तीरावर, माघस्नानाचा नेम जुना आहे: पौष पौर्णिमेपासून महिनाभर सूर्योदयापूर्वी घाट उतरायचा, अंगावर काटा आणणाऱ्या पाण्यात बुडी मारायची, ओलेत्याने अर्घ्य द्यायचं. या नेमाने मनही सावरतं असं म्हटलं, तर हेतू पुण्याचा, मनःस्वास्थ्याचा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण हेतू वेगळा म्हणून परिणाम टळत नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 14 अंशांच्या पाण्यात तासभर बसलेल्यांच्या रक्तातलं डोपामिन 250 टक्क्यांनी वाढलं होतं. नर्मदा इतकी गार नसते आणि बुडी क्षणाचीच. म्हणून माझ्या मते खरं बळ गारव्याइतकंच नेमात आणि सोबतीत आहे. एकटीदुकटी म्हातारीसुद्धा पहाटे शेजारणींच्या हाकेने घराबाहेर पडते, चार शब्द बोलते. हृदयविकार असलेल्याला मात्र गार पाणी घातक ठरू शकतं, आणि अशा आजाऱ्याला धर्मशास्त्राने नुसत्या मंत्रस्नानाचीही मुभा दिलेली आहे.