चरून वाढलेलं जनावर: हलालच्या पुढचा प्रश्न

घरात गोश्त आलं की आपण एकच प्रश्न विचारतो, हलाल आहे ना? प्रश्न बरोबरच आहे. पण तो सुरीपाशी सुरू होतो आणि सुरीपाशीच संपतो. जनावर काय खात होतं, कसं जगलं, हे आपण सहसा विचारत नाही. सूरह बकराच्या १६८ व्या आयतीत मात्र 'हलाल'च्या जोडीला 'तय्यिब', म्हणजे स्वच्छ आणि उत्तम, हाही शब्द आहे. गल्फमध्ये किंवा इंग्लंड-अमेरिकेत असलेल्या नातेवाइकांकडून हल्ली 'ग्रास-फेड बीफ' हा शब्द कानावर येतो. त्यात किती तथ्य आहे आणि आपल्या घरी त्याचा उपयोग काय, ते पाहू या.

आधी कायद्याचं

महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे; बैल आणि वळूंसाठी ती मार्च २०१५ पासून लागू झाली. म्हैस-रेड्याला ती बंदी नाही, पण रीतसर दाखला आणि मान्यताप्राप्त कत्तलखाना लागतो. म्हणून या लेखात 'मोठ्याचं' म्हणजे म्हैस-रेडा आणि 'छोट्याचं' म्हणजे बोकड-मेंढी असं समजावं. परदेशातला अभ्यास मुख्यतः गायीगुरांवर झाला आहे. रवंथ करणाऱ्या सगळ्याच जनावरांचं पोट एकाच पद्धतीनं चालतं, त्यामुळे त्यातलं मूळ तत्त्व आपल्याकडेही लागू पडतं. आकडे मात्र जसेच्या तसे लावू नयेत.

चाऱ्यानं मांसात काय बदलतं?

अमेरिकेत बहुतेक गुरं आयुष्याचे शेवटचे काही महिने मोठ्या वाड्यांत कोंडून मका आणि धान्यावर पोसली जातात. वजन झटपट वाढतं, मांसात चरबी धरते. शेवटपर्यंत गवतावर राहिलेल्या गुरांच्या मांसात एकूण चरबी कमी असते, ओमेगा-३ जास्त असतं, ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटिनही जास्त असतं. ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचं प्रमाण धान्यावरच्या मांसात सरासरी सातास एकच्या वर जातं. गवतावरच्या मांसात ते दोनास एकच्या आत राहतं. प्रथिनं, लोह आणि बी-१२ दोन्हीकडे भरपूर असतात, तिथे फारसा फरक नाही.

पण फायदा आहे तेवढाच सांगायला हवा. कोणत्याही लाल मांसात ओमेगा-३ मुळात थोडंच असतं. बांगडा किंवा तारलीच्या एका जेवणातून त्याच्या कितीतरी पट मिळतं. चरून वाढलेलं आहे म्हणून रोज खावं, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस तर थेट 'कर्करोगकारक' गटात आहे. शिजवलेलं लाल मांस आठवड्याला साधारण ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवावं, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. घरात कोणाला हृदयविकार, किडनीचा त्रास किंवा युरिक अॅसिड असेल, तर डॉक्टर सांगतील तेच खरं.

पिवळ्या चरबीची परीक्षा

'चरबी पिवळसर दिसली की जनावर गवतावरचं' असं व्हिडिओत सांगतात. गायीच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पण म्हैस आणि शेळी कॅरोटिनचं अ जीवनसत्त्वात रूपांतर करून टाकतात. म्हणूनच त्यांचं दूधही पांढरं असतं. बोकड उभा जन्म माळावर चरला तरी त्याची चरबी पांढरीच राहणार. तेव्हा आपल्याकडे ही परीक्षा चालत नाही.

जनावराचा हक्क

रवंथ करणाऱ्या जनावराला चार कप्प्यांचं पोट मिळालं आहे ते पाला-गवत पचवायला. एकदम जास्त धान्य पडलं की पोटात आम्ल होतं, जनावर चारा सोडतं, कधी जीवही जातो. दिवसभर चालणं, निवडून खाणं, सावलीत बसून रवंथ करणं हा त्याचा स्वभाव आहे. दावणीला आखूड दोरीनं बांधून ठेवलेल्या जनावराला यातलं काहीच मिळत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पोट पाठीला लागलेला उंट पाहिला, तेव्हा या मुक्या जनावरांच्या बाबतीत अल्लाहची भीती बाळगण्याची ताकीद दिली. स्वारी करायची तर ते धडधाकट असताना आणि खायचं तेही धडधाकट असताना, असं सांगितलं. सुरी धारदार असावी, जनावराला आराम मिळावा, ही शिकवणही हदीसमध्ये आहे. म्हणजे दया फक्त शेवटच्या मिनिटाची गोष्ट नाही.

जनावरानं काय खाल्लं याचा विचार फिक्हनंही केला आहे. घाण खाणाऱ्या जनावराला 'जल्लाला' म्हणतात. त्याचं मांस आणि दूध टाळावं, असं हदीसमध्ये आलं आहे. त्याला काही दिवस बांधून स्वच्छ चारा द्यावा आणि मगच वापरावं. कोंबडीसाठी तीन दिवस सांगितले जातात, मोठ्या जनावरांना जास्त. घाणीचा परिणाम मांसाच्या वासा-चवीत उतरला आहे का, हे पाहिलं जातं. हनफी आणि कोकणातल्या शाफई घरांत तपशिलाचा फरक असू शकतो. तो आपल्या इमामसाहेबांना विचारावा.

शहरात उकिरड्यावर फिरणाऱ्या शेळ्या आपण रोज पाहतो. त्या मोकळ्या फिरतात, पण कचरा आणि प्लास्टिक खातात. मोकळं फिरणं म्हणजे चांगलं चरणं नव्हे.

आपल्याकडे हे नवीन नाही

धाराशिव, लातूर, बीडकडची काळी उस्मानाबादी, संगमनेरी, विदर्भातली बेरारी आणि सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ या शेळ्या पिढ्यान्‌पिढ्या माळावर, बांधावर, बोरी-बाभळीचा पाला खाऊन वाढल्या आहेत. धनगरांची मेंढरंही तशीच. परदेशात ज्यासाठी जादा पैसे मोजतात, ते आपल्याकडे गावच्या बाजारात मिळतं. बंदिस्त पालनातला बोकड वाईटच, असंही नाही. त्याला हिरवा-सुका चारा पुरेसा आहे का, फिरायला जागा आहे का, हे महत्त्वाचं.

बकरी ईदच्या आधी जपा

सगळ्यात मोठी चूक आपल्याच घरी होते. बोकड आणला की मुलं लाडानं चपात्या, भात, गहू, बाजरी पुढे करतात. माळावरच्या बोकडाला या खाण्याची सवय नसते. पोट फुगतं, आणि ईदच्या तोंडावर तो आजारी पडतो. उघडपणे आजारी जनावराची कुर्बानी चालत नाही. म्हणजे पैसे गेले, जनावराचे हाल झाले आणि कुर्बानीही राहिली. त्यासाठी:

- विकत घेतानाच विचारा, याला काय खायला घालत होता? पहिले काही दिवस तेच द्या.
- नवा चारा आठवडाभरात हळूहळू वाढवा. कडबा, लसूण घास, सुबाभूळ, शेवरी चांगले. शिळं अन्न आणि धान्य नको.
- स्वच्छ पाणी, सावली आणि बसायला कोरडी जागा द्या.
- डावी कूस फुगली, रवंथ बंद झाला, दात खाऊ लागला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. लगेच जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.
- कुर्बानीच्या आदल्या रात्री चारा बंद करा, पाणी चालू ठेवा. एका जनावरासमोर दुसऱ्याची कुर्बानी करू नका.

मटणवाल्यांना काय विचारायचं?

जनावर कुठून आलं? चरणारं होतं की बंदिस्त? किती लांबून गाडीत आलं? औषध-इंजेक्शन दिलं असेल तर किती दिवस झाले? नेहमीचे मटणवाले असतील तर खरं सांगतात, आणि दोन-चार गिऱ्हाइकांनी विचारलं की तेही पुढे व्यापाऱ्याला विचारू लागतात.

चरलेल्या जनावराचं गोश्त थोडं चिवट असतं. घाईच्या मोठ्या आचेपेक्षा दही-आलं लावून मंद आचेवर शिजवलं की छान मऊ होतं. आणि महिन्यात दोन वेळा कमी आणलं तरी चालेल, पण आणाल ते विचारून, पाहून आणा. हलालची खात्री आपण करतोच, इन्शाअल्लाह तय्यिबचीही करू या.